दोन आगींचा रंग

इराणातल्या काशानच्या जुन्या वाडग्यासमोर सरळ उभं राहिलं तर तो नुसता तपकिरी दिसतो, ओल्या मुरुमासारखा. जरा बाजूला सरकावं. कडेवर तांबूस झाक येते आणि मग एकदम सोनं पेटतं. खरं तर त्यात सोन्याचा कणही नसतो. असते चांदी-तांब्याच्या मिश्रणाने काढलेली नक्षी, आणि धूर.

काशानची ही विद्या अबुल कासिमने १३०१ मध्ये लिहून ठेवली. घराणं अबू ताहिरचं, पिढीजात कुंभारांचं. हा मात्र दरबारात इतिहास लिहायचा. चाक सोडून लेखणी धरलेल्या मुलानेच घरची विद्या कागदावर उतरवली, याने मला भरून येतं. भांड्यासाठी दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती, असं तो सांगतो. म्हणजे माती नावालाच! चिनी भांड्यांची शुभ्रता हवी, पण ती माती आपल्या मुलखात नाही, म्हणून या लोकांनी दगड दळला.

झिलई दिलेलं भांडं बारा तास भाजायचं, आठवडाभर निवू द्यायचं. मग त्या गुळगुळीत पांढऱ्यावर नक्षी काढून ते दुसऱ्या, खास बांधलेल्या भट्टीत ठेवायचं. तिथे हलका धूर, बहात्तर तास. धूर नक्षीतला प्राणवायू ओढून घेतो आणि झिलईत धातूचा पापुद्र्याहून पातळ थर उरतो. तीन दिवस, तीन रात्री धुराचा अंदाज घेत कोणीतरी जागं राहायचं. आत काय घडतंय ते दिसत नाही.

आणि भट्टी उघडल्यावर सोनं नसतंच. भांडं काळवंडलेलं, मळकट. ओल्या मातीने ते घासायचं, आपल्या आज्या तांब्याचा हंडा घासायच्या तसं. बोटांखालून हळूहळू उजेड वर येतो. या रंगाला अबुल कासिम दोन आगींचा रंग म्हणतो.

वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात १२१० चं एक ताट आहे. घडवणाऱ्या सय्यद शम्सुद्दीन अल-हसनीने त्यावर आपलं नाव घातलंय. तळ्याकाठी एक तरुण गाढ झोपलाय, मागे घोडा, खाली पाण्यात मासे आणि एक उघडी आकृती. दहाच वर्षांनी इराणवर मंगोलांच्या टापा आदळल्या. एवढं नाजूक ताट त्यातून वाचलं. आजही बघणारा सरकला की तळ्यावर ऊन पडतं. तरुणाला मात्र जाग येत नाही.