बाटलीतला सूर

टेपच्या जमान्यात स्टुडिओत उमेदवारी करायचो, तेव्हा सकाळचं पहिलं काम ठरलेलं असे. रेकॉर्डरच्या हेडवर साचलेलं चुंबकत्व उतरवायचं. त्यासाठी चोचीसारखं टोक असलेलं डीमॅग्नेटायझर मिळे. ते हेडजवळ सावकाश फिरवायचं, तितक्याच सावकाश मागे घ्यायचं आणि हातभर लांब आल्यावरच बंद करायचं. जवळ असताना बटण बंद झालं, तर जे काढायला गेलो तेच हेडवर पक्कं बसतं.

जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या ‘हेड हंटर्स’ या तबकडीचं वेष्टण त्याच काळात हाती आलं. वाद्यापाशी बसलेल्या माणसाच्या तोंडावर शिंगांचा गोल मुखवटा. आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांचा क्प्ले-क्प्ले मुखवटा आणि टेप-हेडचं डीमॅग्नेटायझर, या दोहोंवरून व्हिक्टर मॉस्कोसोने ती आकृती घडवली, हे पुढे वाचलं. माझ्या रोजच्या हातातली वस्तू आफ्रिकेच्या मुखवट्यात जाऊन बसली होती. त्या दिवसापासून ही तबकडी माझी झाली.

१९७३ची ही गोष्ट, सॅन फ्रान्सिस्कोतली. हॅनकॉक तेव्हा ३३ वर्षांचा. माइल्स डेव्हिसच्या पंचकात वाजवून झालेलं, पुढे स्वाहिली नावं घेतलेला स्वतःचा मवांदिशी हा वाद्यवृंदही चालवून झालेला. तिथलं संगीत तरंगतं होतं, अधांतरी. आता त्याला जमिनीवर पाय हवे होते. बेनी मॉपिन तेवढा जुन्यांपैकी राहिला. पॉल जॅक्सन, हार्वी मेसन आणि बिल समर्स हे नवे आले. गिटारवाला घेतलाच नाही. ते काम क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कळवाद्याने केलं. त्यात पट्टी दाबली की आत खरीखुरी तार दाबली जाते आणि पिकअप तिचा आवाज उचलतो, म्हणून तो इतका करकरीत येतो.

पण मला बोलायचंय ते या तबकडीतल्या ‘वॉटरमेलन मॅन’च्या सुरुवातीबद्दल. हॅनकॉकची ही रचना १९६२ची, शिकागोतल्या लहानपणी पाहिलेल्या कलिंगडवाल्याच्या गाडीवरून सुचलेली. इथे मेसनने तिची मांडणी पार बदलली, आणि ती सुरू होते बिअरच्या बाटलीवर. समर्स बाटलीत फुंकतो, लगेच गळ्यातून सूर काढतो, पुन्हा फुंकतो. ही रीत मध्य आफ्रिकेतल्या बा-बेंझेले लोकांची. पपईच्या पोकळ देठाच्या त्यांच्या शिट्टीला हिंदेव्हू म्हणतात. शिट्टीतून सूर एकच निघतो. बाकीचे वाजवणाऱ्याच्या गळ्यातले.

हे मी वर्गात मुलांकडून करून घेतो. कोल्ड्रिंकच्या काचेच्या बाटल्या, तळाशी कमी-जास्त पाणी. पाणी वाढलं की सूर चढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अवघड असतं ते फुंकर आणि गळा यांची अदलाबदल. दोन मिनिटांत मुलांना गरगरायला लागतं, कारण ती श्वास घ्यायची जागाच सोडत नाहीत. मग एखादीला अचानक सापडतं, की शेजारच्याची फुंकर येते तेव्हा आपण थांबायचं. तिने जागा सोडली की सगळी घडी बसते. सहा बाटल्यांची एक लय होते, जी कुणा एकाच्या बाटलीत नसते.

तबकडीतली दुसरी रचना ‘कमीलियन’ याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यातला खर्जातला आकृतिबंध एआरपी ओडिसी या सिंथेसायझरवर वाजवलेला. या यंत्रातून एका वेळी फार तर दोन सूर निघतात. म्हणजे तेही बाटलीच्याच जातीचं, थोडक्यात बोलणारं. तीन सूर खालून मुखड्यासारखे चढत येतात आणि समेवर टेकतात. तबल्याच्या एकलवादनात लेहरा फिरावा तसं ते आवर्तन फिरत राहतं. त्यावर ड्रम येतो, मग बाकीचे एकेक करून, आणि प्रत्येक जण दुसऱ्याने सोडलेल्या फटीत बसतो. आफ्रिकी ताल आणि विजेवरचे आवाज यांचं मिश्रण, असं या तबकडीचं वर्णन नेहमी केलं जातं. मला ते अपुरं वाटतं. आवाज मिसळणं सोपं असतं. इथे यंत्राला गप्प राहायला शिकवलंय.

एका विद्यार्थ्याने तोच आकृतिबंध संगणकावर वाजवून घेतला आणि लगोलग क्वांटाइझ केला. प्रत्येक सूर ग्रिडच्या रेषेवर चोख बसला. ऐकलं, तर त्यातला जीव गेलेला. मी त्याला माउस सोडायला लावून पुन्हा हाताने वाजवायला सांगितलं, बारा-पंधरा वेळा. शेवटच्या खेपांना मुखड्याचा तिसरा सूर किंचित रेंगाळून पडायला लागला आणि वर्गातल्या माना हलल्या.

या तबकडीवर माझा जीव आहे, म्हणूनच एक गोष्ट सलते. हिंदेव्हू जगाला कळली ती सिमा आरोम यांनी केलेल्या, १९६६मध्ये निघालेल्या ध्वनिमुद्रणामुळे. त्यावरून समर्सने ती बाटलीत आणली. १९९४मध्ये मडोनाच्या ‘सँक्च्युअरी’त ‘वॉटरमेलन मॅन’चा तुकडा वापरला गेला आणि श्रेयनामावलीत हॅनकॉकचं नाव आलं. ते यायलाच हवं होतं. पण ज्यांच्या रानातून ती फुंकर आली, त्यांच्या वाट्याला काय आलं? स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकाने हा प्रश्न १९९६मध्ये सविस्तर मांडला. ‘प्रेरणा’ म्हणून तो झटकून टाकणं मला मान्य नाही. ज्याच्याकडून उचललं त्याचं नाव घेणं, ही आमच्या धंद्यातली किमान रीत आहे.

म्हणून वर्गात मी आधी आरोमची तबकडी लावतो आणि फळ्यावर बा-बेंझेले हे नाव लिहितो. त्यानंतर हॅनकॉक. साडेसहा मिनिटांच्या त्या रचनेत सगळी वाद्यं येऊन जातात आणि शेवटी बाटली परत येते. फुंकर, गळा, फुंकर. आवाज बारीक होत जातो. फेडर खाली येत असताना आवाज नेमका कुठे संपतो ते ऐकायला मुलं पुढे झुकतात.