वडापावचा एकच पत्ता

वजन उतरवायचंय आणि वडापावही सोडवत नाही? मग दादरला या. माझा नियम एकच: वडापाव खायचा तो फक्त कीर्ती कॉलेजच्या गल्लीतला, शनिवारी, आणि तोही स्टेशनपासून चालत जाऊन.

स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर ताजा घाणा निघत असतो. तोंडाला पाणी सुटतं, पण ‘हा आपला नव्हे’ म्हणत रानडे रोडच्या गर्दीत घुसायचं. सावरकर मार्ग येईपर्यंत वीसेक मिनिटं सहज जातात. निघताना मूठभर फुटाणे खाल्लेले बरे. उपाशीपोटी गेलं तर एकावर भागत नाही राव!

गल्लीत शिरलं की आधी वास येतो. कढईतला वडा थेट पावात, लसणाची लालभडक चटणी आणि वर तो चुरा, बेसनाचे तळलेले कुरकुरीत कण. वडापावच्या साधारण ३०० कॅलरी. वर चुरा मागितलात की हिशेबच विसरा. मी चुरा सोडत नाही, दुसरा वडापाव सोडते.

आठवडाभर ऑफिसखालची गाडी खुणावते, तेव्हा शनिवार मोजते. तीन महिन्यांत चार किलो उतरलेत. माझ्या डाएटिशियनला हा प्रकार अजून पटलेला नाही. तिला एकदा चालवत न्यायचंय.