यादीच्या पोटातील यादी

यादी म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती वाण्याची यादी. तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, साबण. तिला ना क्रम, ना पोटभेद. दुकानदार ती हवी तशी वाचतो आणि पुडे बांधतो. ग्रंथालयाची यादी निराळ्या जातीची. तिच्या पोटात दुसरी यादी असते आणि त्या दुसरीच्या पोटात तिसरी. नियतकालिके, त्यांत एखादे मासिक, त्या मासिकाची वर्षे, वर्षाचे अंक आणि अंकातील लेख. एवढ्या पायऱ्या उतरावयाच्या तेव्हा वाचकाच्या हाती हवे ते पान लागावयाचे. या पायऱ्या कशा बांधाव्यात हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्यापुढे आला, आणि वरवर कारकुनी दिसणाऱ्या त्या कामाने आमची कित्येक रात्रींची झोप खाल्ली.

आमचे वाचनालय बेळगाव आणि निपाणी यांच्या दरम्यानच्या एका गावी आहे. लहानसेच. त्यात जुन्या मासिकांच्या बांधीव फायलींची दोन कपाटे आहेत. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' आणि इतर पुष्कळ. ('किर्लोस्कर' मासिक १९२० साली किर्लोस्करवाडीस निघाले हे खरे, परंतु त्या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावच्या सायकलींच्या दुकानात झाला, हे आमच्याकडील मंडळी अजून अभिमानाने सांगतात.) ही कपाटे दरवर्षी कोणाच्या तरी डोळ्यांवर येतात. "कोणी मागत नाही, जागा मात्र अडली आहे, रद्दीत देऊन टाकावीत," असे सभेत एक तरी जण म्हणतोच. कोणी मागत नाही हे खोटे नव्हे. पण मागणार कसे? आत काय आहे ते सांगणारी एकच नोंदवही, आणि तीही दाखल क्रमांकांची; म्हणजे जे ज्या दिवशी आले ते त्या ओळीत. शेवटी असे ठरले की, यादी संकेतस्थळावर चढवावी, पुण्यास, बंगळूरास आणि परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांना ती घरबसल्या पाहता यावी, आणि कोणी विचारणा करते की नाही ते पाहून पुढील वार्षिक सभेत कपाटांचा निकाल लावावा.

शेजारच्या घरातील एक मुलगी बेळगावात अभियांत्रिकी शिकते. शाळा कानडी, घरची भाषा मराठी, आणि संगणकावर हात बसलेला. तिने काम अंगावर घेतले. वर्डप्रेस, द्रुपल अशी नावे असलेल्या आयत्या प्रणाली आता मिळतात. त्यांत मजकुराचे प्रत्येक पान दुसऱ्या एखाद्या पानाच्या पोटी घालता येते आणि मग प्रणाली आपण होऊन आत सरकवलेल्या ओळींची यादी मांडून देते. किती पायऱ्या एकदम दाखवावयाच्या तेही ठरविता येते. पाचही दाखविल्या तर यादी कोसभर लांब होते, म्हणून आम्ही दोनच ठेवल्या. भावंडांचा क्रम नावाने लावावा, तारखेने लावावा, की हाताने आकडे घालून लावावा, हे तिला सांगावे लागते. आम्हाला हे सारे कुलवृत्तांतासारखे वाटले. मूळ पुरुष, त्याची मुले, त्यांची मुले. फरक एवढाच की, कुलवृत्तांतात भावांचा क्रम जन्मावरून लागतो. अकारविल्हे कोणी लावीत नाही.

पहिली यादी मात्र अकारविल्हे निघाली. "काका, तुमचं वर्ष एप्रिलपासून सुरू होतं का?" तिने हसत विचारले. पाहतो तो एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून! डिसेंबर मध्ये अडकलेला आणि वर्षाखेरीस सप्टेंबर. ज्या मासिकांवर चांद्रमास छापलेले होते त्यांचे वर्ष आश्विनात उजाडून श्रावणात संपत होते, आणि एक अधिक श्रावण 'अ' या अक्षराच्या जोरावर सर्वांच्या डोक्यावर जाऊन बसला होता. अंकांचेही तेच. एकानंतर दहा, अकरा, बारा आणि मग दोन. कारण यंत्र आकडा वाचीत नव्हते, अक्षर वाचीत होते. हे दोष हाताने क्रमांक घातल्याबरोबर गेले.

वर्णक्रमाचा दोष अधिक मुरलेला निघाला. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि त्यामागून क्ष, ज्ञ. यंत्राच्या यादीत ळ हा ल च्या शेजारी बसला होता, क्ष क मध्ये आणि ज्ञ ज मध्ये शिरला होता. 'संत' हे आडनाव बाराखडीच्या हिशेबाने 'सौ'च्या पुढे जावयाचे, ते 'सकाळ'च्याही आधी आले. याचे कारण असे की, संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडने दिलेला एक क्रमांक असतो, आणि भारतीय लिप्यांचे ते क्रमांक 'इस्की' नावाच्या सरकारी संकेतावरून घेतलेले आहेत. त्या संकेतात सर्व लिप्या एकाच साच्यात बसविल्या होत्या. गंमत अशी की, कानडीतही ळ ची जागा शेवटी, ह नंतरच. ती मुलगी हे ऐकून थबकली आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या शाळेच्या हजेरीपटाचीही हीच गत होणार!" ज्या अक्षरावरून दोन्ही भाषांचे एकमत, तेथेच यंत्राने दोघींनाही बाजूला सारले होते. मराठीचा योग्य क्रम सांगणारे नियमही युनिकोडकर्त्यांनी तयार ठेवलेले आहेत. प्रणालीने ते वापरावेत अशी व्यवस्था मात्र मुद्दाम करावी लागते. ती तिने केली.

एवढ्याने भागले असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. खरी अडचण क्रमाची नव्हती, पोटाची होती. मासिकांखेरीज आमच्याकडे स्थानिक पत्रके, स्मरणिका आणि कात्रणांचे गठ्ठे आहेत. मंडळातील एका सभासदांचे म्हणणे पडले की, यांची मांडणी राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशी करावी. ऐकावयास सरळ. पण १९४६ साली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले ते मुंबई प्रांतात. २००० साली तेथेच पुन्हा भरले ते कर्नाटकात. १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून १९७३ च्या १ नोव्हेंबरपर्यंत जे जे येथे छापले गेले त्यावर म्हैसूर राज्य. २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात, आता तिचा तालुका स्वतंत्र. गाव जागचे तसूभर हलले नाही. त्याच्या डोक्यावरचा मथळा मात्र तीन वेळा पालटला. या पायऱ्यांनी यादी बांधली असती तर एकाच गल्लीतील कागद तीन राज्यांत विखुरले असते, आणि दोन संमेलनांची कात्रणे एकमेकांना कधी भेटली नसती.

या भागातील मनुष्य अशा मांडणीकडे केवळ सोयीच्या दृष्टीने पाहू शकत नाही, हे कबूल केले पाहिजे. सभेत आवाज चढले. एकाला म्हैसूर हा शब्द यादीत नको होता, दुसऱ्याला बेळगावी नको होते. आमचे मत असे पडले की, कागदावर जे छापले आहे ते जसेच्या तसे नोंदवावे. खोडण्याचा अधिकार यादी करणाराला नाही. परंतु राज्याला पायरीही करू नये.

ग्रंथालयशास्त्रात हा पेच जुना आहे. ड्यूईने १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा वर्ग केले आणि त्यांची पोटे पाडीत नेली. त्याच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ आणि कानडी साहित्य ८९४.८१४, येथे एका ओसरीवर बोलल्या जाणाऱ्या दोन भाषा फळीवर दूर गेल्या, कारण तेथे नाते पाहिले ते भाषाकुळाचे. मद्रासच्या विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३३ साली आपली द्विबिंदू पद्धती प्रसिद्ध केली, तीत निराळी वाट धरली. एकाच झाडाच्या फांदीवर ग्रंथ टांगण्याऐवजी त्याची अंगे वेगवेगळी सांगावयाची, आणि त्यांत देश व काल ही दोन स्वतंत्र अंगे. प्रणालीत पानाला पालक एकच देता येतो, पण खुणेच्या चिठ्ठ्या हव्या तितक्या लावता येतात. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली केलेल्या आंदोलनाची कात्रणे आता 'कात्रणे' या एकाच पोटी आहेत. परंतु त्यांवर निपाणी, तंबाखू, शेतकरी आणि १९८१ अशा चार चिठ्ठ्या आहेत. कोठूनही या, गठ्ठा सापडतो. बेळगाव आणि बेळगावी ही दोन नावे एकाच चिठ्ठीला जोडली आहेत.

माणसांच्या नावांनाही हीच तोड काढावी लागली. इंदिरा संत माहेरच्या दीक्षित. दोन आडनावे, दोन अक्षरे. सामान्य घरांतील स्त्रियांचे तर विचारूच नका. कोणी 'सौ.' लावून पतीचे नाव लिही, कोणी नुसते 'एक भगिनी'. हुबळीहून एका आजींचा दूरध्वनी आला. आपल्या आईचा मुरंब्यावरील लेख लग्नाआधी कोठेतरी छापून आला होता एवढेच त्यांना ठाऊक. यादीत आईच्या माहेरच्या नावाखाली तो निघाला. फायलीतील पान पिवळे पडले होते, कडा तुटत होत्या. आम्ही त्याचे छायाचित्र पाठविले. आजींनी उलट कळविले की, पाककृतीत साखरेचे प्रमाण चुकले आहे, आई असे कधीच घालीत नसे.

अजून दिवाळीचे जोडअंक राहिले आहेत. ऑक्टोबरच्या पोटी घालावे की नोव्हेंबरच्या, यावर त्या मुलीचा आणि आमचा रोज वाद होतो. आतापर्यंत एकंदर तेवीस विचारणा आल्या. त्या सर्व आम्ही एका वहीत तारखेवार उतरवून ठेवल्या आहेत. वार्षिक सभा पुढील महिन्यात आहे.