ग्रहण, कान आणि रवणावरची कोंबडी

आमच्या अवसरी खुर्दच्या घरात एका पोराचा उजवा कान जन्मापासून लहान आहे. कारण सगळ्यांना पाठ: 25 ऑक्टोबर 2022, दिवाळीतलं सूर्यग्रहण. त्याच्या आईला तेव्हा पाचवा महिना होता आणि तिने म्हणे विळीवर भाजी चिरली. पाहुणे आले की अजून ती विळी निघतेच. घरची मंडळीही इथे डोकावतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

कान कधी घडतो? गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मेंदूच्या मागच्या भागावर सात-आठ वळकट्या दिसतात. त्यांच्या कडेच्या पेशी सुटून खाली गळ्याजवळच्या कमानींत उतरतात. पहिल्या कमानीत जबडा, आणि पहिली-दुसरी मिळून बाहेरचा कान. त्याचे उंचवटे सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसतात. म्हणजे ग्रहणाच्या कितीतरी आधी! रवणाला बसवलेल्या अंड्यात तर या पेशी दुसऱ्याच दिवशी निघालेल्या असतात.

आता गंमत. आपण जबड्याच्या की कानाच्या, हे या पेशींना कळतं कसं? 1983 मध्ये ड्र्यू नोडन यांनी कोंबडीच्या गर्भातल्या जबड्याच्या वाटेवरच्या पेशी उचलून मागच्या कमानीच्या वाटेवर लावल्या. तिथे जबड्याची जादा हाडं उगवली. पेशी आपलं गाव सोबत घेऊनच निघते, असं मग बरीच वर्षं मानलं गेलं.

2002 मध्ये पॉल ट्रेनर आणि रॉब क्रमलॉफ यांच्या गटाने वेगळंच दाखवलं. कलमासोबत मध्यमेंदूच्या शिवेवरचा भाग गेला, तर त्यातलं एफजीएफ-8 हे प्रथिन दुसऱ्या कमानीची ओळख ठरवणारा हॉक्स-ए-2 जनुक दाबून टाकतं. उंदरांत तर असं दिसलं होतं की घोळक्याने राहिलेल्या पेशी जुनी ओळख धरून ठेवतात, विखुरलेल्या नव्या शेजाराचं ऐकतात. (मुंबईला गेलेले आपले गावकरी आठवले ना?)

या निरोपांमध्ये अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्लही असतं. ते जास्त झालं की वळकट्यांची ओळखच सरकते. म्हणूनच मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन गोळी गरोदरपणात घ्यायची नाही. तिने खरोखर बाळाचे कान बिघडतात. पोराच्या आईने अशी गोळी कधी घेतली नव्हती. अशा बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडतच नाही.