योगेश्वरीच्या गांवीं

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईस अनेक कोंकणस्थ कुटुंबें कुलदेवतेच्या दर्शनास येतात. परळीच्या वैजनाथाशीं ठरलेल्या विवाहाचा मुहूर्त टळला आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी आख्यायिका आहे. तिच्यापुढें मस्तक नमवितांना घरच्या कुमारिकेचा विचार मनांत येतो. १९१६ सालीं कर्व्यांनीं महिला विद्यापीठ काढलें, तें पुण्यास. बीड तेव्हां निजामच्या राज्यांत. तेथलें १९१८ चें उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेस, आणि शिक्षण उर्दूंतून. मुलीला इतकें लांब धाडण्यास किती वडील धजावले असतील? १९५८ सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें, तेव्हां कोठें पदवी जवळ आली. देवीची ओटी भरून परततांना, भगिनींनो, घरच्या मुलीच्या शिक्षणाचा मुहूर्त मात्र टळूं देऊं नका.