टॅर्नाबीची टेकडी

दोस्तांनो, नकाशाचं पुस्तक काढा बरं! युरोपात अगदी वर स्वीडन आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर उमेओ शहर सापडेल. तिथून नॉर्वेच्या दिशेनं ‘निळा महामार्ग’ नावाचा रस्ता जातो. जंगल, तळी, पुन्हा जंगल... असं साडेतीनशे किलोमीटर गेलात की तळ्याकाठी एक गाव लागतं. त्याचं नाव टॅर्नाबी. वस्ती पाचशेच्या आसपास, म्हणजे तुमच्या शाळेतच याहून जास्त मुलं असतील!

डिसेंबरात इथं सूर्य तीनेक तासच दिसतो. शाळा सुटते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. पण गावाला लागूनच बर्फाची उतरण आहे. तिच्यावर दिवे लागतात आणि मुलं पायाला स्की बांधून निघतात. आपण जेवायच्या हाकेपर्यंत अंगणात खेळतो ना, तसंच!

याच उतरणीवर इंगेमार स्टेनमार्क वाढला. जन्म १९५६ चा. त्याचा खेळ म्हणजे स्लालम. उतारावर काठ्या रोवलेल्या असतात, त्यांच्यामधून वळणं घेत खाली यायचं. दोन फेऱ्या आणि दोन्हींची वेळ मिळवायची. जायंट स्लालममध्ये काठ्या जरा लांब-लांब असतात, त्यामुळे वेग वाढतो. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. आणि या पठ्ठ्यानं १९७९ मध्ये यास्नाची जायंट स्लालम जिंकली ती तब्बल ४.०६ सेकंदांनी! बोलायचा मात्र मोजकंच. मुलाखत घेणाऱ्यांची पंचाईत व्हायची.

त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीत सराव करताना तो जोरात आपटला. डोक्याला मार बसला. तो सराव डाउनहिलचा होता, म्हणजे वळणं कमी आणि वेग शंभर किलोमीटरच्याही वर. तरी पाचच महिन्यांनी, १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये तो उभा होता. दोन्ही शर्यतींत पहिल्या फेरीनंतर मागे पडलेला, आणि दुसऱ्या फेरीत पुढे! दोन सुवर्णपदकं.

१९८४ च्या ऑलिंपिकला मात्र त्याला येऊच दिलं नाही. का, तर तो खेळाचे पैसे उघडपणे घेत होता. आता ऑलिंपिकमध्ये किती तरी खेळाडू खेळावरच पोट भरतात. मला तरी तो नियम अन्यायाचाच वाटतो.

आणखी एक गंमत. स्टिग स्ट्रँड नावाचा खेळाडूही टॅर्नाबीचाच आणि त्याच वर्षी जन्मलेला. १९८३ च्या विश्वचषकात स्लालममध्ये दोघांचे गुण सारखे झाले. स्टेनमार्कनं जास्त शर्यती जिंकल्या होत्या, म्हणून चषक त्याला मिळाला. जगात पहिला आणि दुसरा, दोघंही एकाच गावचे! पुढं २००६ ला ऑलिंपिकचं स्लालम सुवर्ण जिंकणारी आन्या पार्सनही इथंच वाढली.

१९७४ ते १९८९ या काळात स्टेनमार्कनं विश्वचषकाच्या ८६ शर्यती जिंकल्या. चाळीस स्लालम, शेहेचाळीस जायंट स्लालम. डाउनहिल एकही नाही. हा आकडा चौतीस वर्षं कुणाला ओलांडता आला नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिननं सत्त्याऐंशीवी शर्यत जिंकली. तीही कुठे? स्वीडनमध्येच, ऑरे गावी!

विक्रम मोडायच्या आधीच कुणीतरी स्टेनमार्कला तिच्याविषयी विचारलं होतं. या अबोल माणसानं सरळ सांगून टाकलं, की ती माझ्यापेक्षा खूपच चांगली आहे.