राखण

झेंडूला 'सुगंध' म्हणायला जीभ वळत नाही. सुगंध मोगऱ्याला, निशिगंधाला. झेंडूला नुसता वास. उग्र, तुरट, बोटांना चिकटणारा. मूळचं हे फूल मेक्सिकोकडचं, पण दसऱ्याला त्याच्याशिवाय आंब्याचं पानही दारावर चढत नाही. तोरण ओवून कितीही हात धुवा, श्रीखंडाच्या वाटीपर्यंत तो वास येतोच.

आईने गच्चीतल्या टोमॅटोच्या कुंड्यांमधून झेंडू लावला, तेव्हा मला वाटलं, दसऱ्याची सोय. ती म्हणाली, "राखण आहे ती." मी मोठ्या विश्वासाने संध्याकाळी तिथे जाऊन बसले. डासांनी फोडून काढलं. वास पानांतच दडलेला. पान चुरडल्याशिवाय तो फारसा सुटत नाही. तक्रार केली, तर आई म्हणाली, "डासांचं कोण बोललं होतं?"

ती मुळांचं बोलत होती. झेंडू नसलेल्या एका कुंडीतला टोमॅटो पाणी घालूनही माना टाकू लागला. उपटला, तर मुळांना गाठीच गाठी. सूत्रकृमी, डोळ्यांना न दिसणारे. झेंडूच्या मुळांत अल्फा-टर्थिएनिल नावाचं द्रव्य असतं, ते या कृमींना मारक. मात्र त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात. खरा गुण येतो तो त्याच मातीतल्या पुढच्या पिकाला.

वर फुलांचं वागणं याच्या अगदी उलट. टोमॅटोच्या मळ्यात १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात. टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं, झेंडूचं ४० दिवसांचं. म्हणजे दोन्ही एकदमच फुलावर येतात. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग मग अंडी घालायला झेंडू निवडतो. इथे झेंडू किडीला पळवत नाही, बोलावून घेतो. तिचं सगळं स्वतःवर ओढवून घेतो. राखण करणारा दर वेळी काठीच उगारतो असं नाही, हे मला तेव्हा उमगलं.

दसरा होऊन गेला. तोरण वाळून खडखडीत झालं. आईने एकेक फूल मोडून तळहातावर चोळलं. काळ्या, बारीक काडीसारख्या बिया सुटल्या, टोकाला फिकट शेपटी असलेल्या. त्या तिने गाठीच्या टोमॅटोची कुंडी ओढून तीत पसरल्या.

"तिथे टोमॅटो लावणार होते मी," मी म्हटलं.

"लाव की," ती माती सारखी करत म्हणाली, "आधी राखण बसू दे."